दिल्लीतलं निर्वासित कुटुंब कोल्हापुरात आणायचंय? आधी कागद, मग कमाई, भांडी शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाला, म्यानमारमधून आलेलं, तिथल्या चिन जमातीचं, सध्या दिल्लीत राहणारं एक ख्रिस्ती कुटुंब ‘स्पॉन्सर’ करून इकडे आणायचंय. नवरा-बायको, तीन मुलं आणि एक म्हातारी आई. ओळख दिल्लीतल्या एका प्रार्थनासभेत झाली. मंडळीतल्या एका घरची मुलगी कॅनडात आहे. तिच्या चर्चने सिरियन कुटुंब नेऊन वसवलं, ते ऐकून इथेही उत्साह आला. दोन खोल्यांचं घर मिळण्यासारखं आहे, वर्षभराचं भाडं जमेल असा अंदाज आहे. विचारणाऱ्यांनी कोल्हापूरजवळच्या वळिवड्यातल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पोलिश निर्वासित छावणीचाही दाखला दिलाय: कोल्हापूरला हे नवीन नाही, मग आता का जमू नये? प्रक्रिया काय, खर्च किती, सुरुवात कुठून करायची?

आधी माझं सांगतो. मी समाजकार्य शिकलो कोल्हापुरातच, पण नोकरीची बरीच वर्षं दिल्लीत गेली, त्यातली बहुतेक विकासपुरी आणि उत्तमनगर भागातल्या निर्वासित कुटुंबांबरोबर. परत आल्यावर या पट्ट्यातल्या काही मंडळ्यांबरोबर असं काम केलं. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहितोय ते कामापुरतं. तुमच्या कुटुंबाचे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय माझ्या उत्तरावर तिकीट काढू नका.

तुम्ही ‘कसं आणायचं’ असं विचारलंय. त्याच्या अलीकडचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. दिल्ली सोडून इथे येण्याने त्या कुटुंबाचं भलं होणार आहे का? आणि होणार असेल, तर मंडळीने नेमकं काय अंगावर घ्यायचं? घर, गाद्या, भांडी हे आपल्याकडे आठवड्यात गोळा होतं. पंचांच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांच्या, बैठकीत कुणीतरी म्हणतंच, “सहा माणसं म्हणजे काय लई न्हाईत, घालू की जेवायला!” आणि ते खरंही असतं. अडतं ते कागदांपाशी आणि त्यानंतर कमाईपाशी. मंडळ्यांची तयारी मात्र नेमकी उलट्या क्रमाने होते.

कॅनडाचं उदाहरण थोडं बाजूला ठेवा. तिथे १९७९ पासून खासगी प्रायोजकत्वाची सरकारमान्य योजना आहे. चर्चसारखी संस्था किंवा पाच जणांचा गट सरकारला लेखी हमी देतो की साधारण वर्षभर आम्ही या कुटुंबाचा खर्च आणि सोबत करू. बदल्यात कुटुंब विमानातून उतरतं तेच कायम रहिवासी म्हणून. काम करायचा हक्क, मुलांची शाळा, सरकारी आरोग्यसेवा हे सगळं त्या दर्जाबरोबर येतं. चर्चच्या वाट्याला भाडं, थंडीचे कपडे, बँकेत सोबत जाणं, बस कुठे बदलायची ते दाखवणं असली कामं राहतात. सोपी नसतात, पण पायाखाली जमीन सरकारने दिलेली असते. तिथेही दार कायम उघडं नसतं म्हणा. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं त्यांनी थांबवलं.

आपल्याकडे ही जमीनच नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार थेट पाहतं. म्यानमार किंवा अफगाणिस्तानातून आलेल्यांची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर, करतं आणि कार्ड देतं. ईशान्येत त्या कार्यालयाचं काम नाही, म्हणून मिझोराममार्गे आलेल्या चिन लोकांना कार्डासाठी दिल्ली गाठावी लागते. ते कार्ड मोलाचं आहे, पण तो व्हिसा नव्हे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्यात वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात येण्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दुसऱ्या बाजूला घटनेचं कलम २१ नागरिकांपुरतं नाही, ते प्रत्येक व्यक्तीला लागू आहे. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हेच सांगितलं. म्हणजे माणूस निराधार नाही, पण त्याचं इथलं राहणं कुठल्या एका कागदावर पक्कं टेकलेलंही नाही. पश्चिम दिल्लीतल्या पोलीस ठाण्यांना ही कार्डं सवयीची आहेत. कोल्हापुरातल्या बीट हवालदाराने ते कार्ड बहुधा पाहिलेलंच नसणार. कुटुंब एका शहरातून दुसऱ्या शहरात येतं तेव्हा कायदा तोच राहतो, पण त्यांना ओळखणारं सरकारी खातं मागे राहतं.

बैठकीत कुणीतरी हमखास म्हणेल, “ख्रिस्ती आहेत ना, मग सीएए आहे की!” तो मार्ग यांना नाही. नागरिकत्व कायद्यातली २०१९ ची ती दुरुस्ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीनच देशांतून आलेल्यांसाठी आहे. म्यानमार त्यात नाही.

तर पहिलं काम कागदांचं. घरातल्या सहाही जणांची कार्डं आहेत का, प्रत्येकाची मुदत कधी संपते, आईचं नाव याच केसमध्ये आहे की वेगळं, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात कधी नोंद किंवा दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज झालाय का, तिसऱ्या देशात पुनर्वसनासाठी नाव पुढे गेलंय का, हे त्यांना विचारा आणि कागद डोळ्यांनी पाहा. मूळ कागद त्यांच्याचकडे राहू द्या, प्रती तुम्ही ठेवा. ‘सुरक्षित राहावं म्हणून’ सगळी कार्डं पाळकांच्या कपाटात ठेवल्याचं मी पाहिलंय. हेतू चांगला होता, पण रस्त्यात कुणी अडवलं तर कपाट काय कामाचं?

मग अर्ज. जिल्ह्यात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. तुमच्या ट्रस्टच्या लेटरहेडवर कुटुंबाची नावं, कार्डांच्या प्रती, सध्याचा पत्ता, इथला नियोजित पत्ता, घरमालकाची संमती आणि खर्च कोण करणार हे लिहून अर्ज द्या, आणि तोही ते दिल्लीतून निघण्याआधी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक टेबलाचा शिक्का, तारीख आणि नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. कुणीतरी ओळखीचा अधिकारी म्हणेल, “आणा की, काय होत नाही.” त्याची बदली झाली की ते वाक्य त्याच्याबरोबर गेलं. लेखी नकार आला तर आणू नका. उत्तरच आलं नाही तरी आणू नका, असं माझं मत आहे. गप्प बसणं म्हणजे परवानगी, असं समजून पुढे गेलात तर सगळ्यात मोठा धोका तुम्हाला नाही, त्या कुटुंबातल्या बाईला आणि तिच्या मुलांना आहे. दिल्लीच्या यूएनएचसीआर कार्यालयालाही पत्ता बदलण्याआधी कळवावं लागतं. आधी त्यांचं मत विचारा, मग ठरवा.

घरमालकाला सगळं आधी सांगा. घरात परदेशी नागरिक राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करायची जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची असते. लोक तिला अजून ‘सी फॉर्म’ म्हणूनच ओळखतात. मालकाला हे उशिरा कळलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला मालक रातोरात घर रिकामं करायला सांगतो. भाडेकरूची पोलीस ठाण्यातली नेहमीची नोंद आहेच.

याच टप्प्यावर एक गोष्ट ठणकावून सांगतो. कुणीतरी मदतीला धावून येईल आणि म्हणेल, “माझ्या ओळखीचा माणूस आहे, आधार काढून देतो, सगळं सुटसुटीत होईल.” त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. खोट्या माहितीवर काढलेलं आधार हा गुन्हा आहेच. शिवाय आज निर्वासित म्हणून जी थोडी सहानुभूती मिळते ती त्या एका कार्डाने कायमची संपते, आणि परदेशातल्या पुनर्वसनाची केस असेल तर तिलाही तडा जातो. तीच गोष्ट आपल्या नावावर सिम काढून देण्याची. प्रेमापोटी देतात लोक, पण देऊ नका.

आता दिल्लीचं. लांबून आपल्याला त्या भागातली अंधारी भाड्याची खोली दिसते आणि वाटतं, कोल्हापूर यापेक्षा कितीतरी बरं. हवा, पाणी, माणसं या बाबतीत असेलही. पण त्या गल्लीत त्यांच्या भाषेची उपासना असते, दुभाषे असतात, आजारपणात रात्री दार ठोठवावं असं त्यांचंच माणूस वरच्या मजल्यावर असतं. चिन ही एक भाषा नाही हे ध्यानात ठेवा. हाखा, फालाम, तेदिम बोलणाऱ्यांना एकमेकांचं कळेलच असं नाही, त्यामुळे इथे एखादा मिझो विद्यार्थी सापडला म्हणून दुभाषा मिळाला असं होत नाही. यूएनएचसीआरकडून मुलाखतीचं बोलावणं आलं तर सगळ्यांनी दिल्ली गाठायची, तीही कधीकधी थोड्या दिवसांत. सहा जणांची ऐनवेळची तिकिटं हा तुमच्या बजेटमधला कायमचा रकाना आहे. पुनर्वसनाची केस पुढे सरकलेली असेल तर मी त्यांना हलवणारच नाही. केस नाही, दिल्लीत खरंच त्रास आहे, आणि कुटुंबानेच स्वतःहून यायचं म्हटलंय, अशा वेळी विचार करता येतो. इथे सरसकट उत्तर नाही.

इथपर्यंतचा गोषवारा: भारतात चर्चला कायदेशीर प्रायोजक होता येत नाही, फक्त जबाबदार यजमान होता येतं. पोलीस अधीक्षक कार्यालय, दिल्लीचं कार्यालय आणि घरमालक या तिघांना आधी कळलं पाहिजे. आणि कुटुंब का येतंय याचं उत्तर तुमच्याकडून नाही, त्यांच्याकडून यायला हवं.

कमाई. हा सगळ्यात कठीण भाग, आणि बहुतेक बैठकांत यावर पाच मिनिटंसुद्धा जात नाहीत. या कार्डावर नोकरीचा अधिकृत परवाना मिळत नाही. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीच्या गेटवर पहिला प्रश्न आधारचा, दुसरा पीएफ नंबरचा. तिथे दार बंद. इचलकरंजीला एखादा कारखानदार ‘घेतो की’ म्हणेल, पण बिनकागदी कामगाराला पगार बुडाला तर दाद कुठे मागता येते? ज्याला माणूस तक्रार करू शकत नाही हे ठाऊक असतं, तो पहिल्या महिन्यात गोड बोलतो आणि तिसऱ्या महिन्यात निम्मे पैसे हातावर ठेवतो. म्हणून मंडळीतल्याच एखाद्याच्या कारखान्यात चिकटवून देण्याची घाई करू नका. वकिलाला विचारून, घरी बसून करता येईल असं काय आहे ते पाहा. चिन बायकांच्या हाताला विणकाम असतं, कमरेला बांधायच्या मागावर त्या जे कापड काढतात ते पाहण्यासारखं असतं. पण त्याला गिऱ्हाईक कोल्हापुरात लगेच मिळेल अशी स्वप्नं पाहू नका. शिवणकामाला मात्र इथे मागणी असते. तरीही हिशेब मांडताना पहिल्या वर्षीची त्यांची कमाई शून्य धरा. वर्षभराचं भाडं जमलं म्हणता, पण भाडं हा खर्चाचा एक तुकडा झाला. त्यावर अनामत, किराणा, औषधं, शाळेचं सामान, वकील, दिल्लीच्या फेऱ्या. आकडा मी सांगत नाही, घर कुठल्या पेठेत आणि आईला काय आजार आहे यावर तो दुप्पट-निम्मा होतो. जमेल त्या रकमेचा तिसरा हिस्सा अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा काढा, आणि तो काढल्यावर वर्ष निघत नसेल तर अजून थांबा.

पैसे जमवतानाही एक खोच आहे. कॅनडातल्या त्या मुलीने पाठवले तर? ती अजून भारतीय नागरिक असेल आणि आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देत असेल, तर ते विदेशी देणगीत धरत नाहीत. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, किंवा तिचं चर्चच पैसे पाठवणार असेल, तर ट्रस्टकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी. नसेल तर एक रुपयाही घेऊ नका, आणि पंचांपैकी कुणाच्या खात्यात ‘तात्पुरते’ तर मुळीच नाही. ट्रस्टच्या घटनेत उद्देशांमध्ये असं काम बसतं का, तेही पाहा. धर्मादाय आयुक्तांकडच्या हिशेबात हा खर्च दिसणारच आहे.

आता वळिवडे. दाखला चांगला आहे, पण अर्धा. १९४३ ते १९४८ तिथे पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानकडे नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर आली. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ तुम्ही पाहिला असेल. पण ती छावणी कुणा मंडळीने उभी केली नव्हती. सरकारांमधली बोलणी, लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा पैसा, असं सगळं त्यामागे होतं. तेव्हा ‘तेव्हा जमलं, आता का नाही’ याचं उत्तर सरळ आहे: तेव्हा कागदांची बाजू सरकारांनी सांभाळली होती. मला त्या छावणीतली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. तिथे लंगर नव्हता. कुटुंबागणिक स्वतंत्र खोल्या होत्या, चूल ज्याची त्याची होती, शाळा त्यांच्या भाषेत, चर्च, नाटकं, स्काउट सगळं त्यांनीच चालवलेलं. पाहुणे म्हणून पाच वर्षं कुणी जगू शकत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी आले, आणि आज गांधीनगरात कापड घ्यायला आपण जातो तेव्हा कुणाच्या मनातही निर्वासित हा विषय येत नाही. त्यांना नागरिकत्व होतं आणि धंदा करायची मोकळीक होती. तुमच्या कुटुंबाला दोन्ही नाही. म्हणून जे आहे त्यावर तरी त्यांचा ताबा राहू द्या.

हे कसं दिसतं, एका स्वयंपाकघरावरून सांगतो. इकडच्याच एका गावात महिला मंडळाने घर इतकं सजवलं होतं की कौतुक वाटावं. फळीवर डबे, डब्यांवर चिठ्ठ्या, ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण मसाल्याची मोठी बरणी. तीन कुकर आले होते, कारण कोण काय देतंय याची यादी कुणाकडेच नव्हती. नवी सून आल्यावर सासूने घर लावून द्यावं तसं झालं. कुटुंबातली बाई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मसाल्याची बरणी माळ्यावर टाकली, फळी रिकामी केली आणि मधोमध तांदळाचा डबा ठेवला. त्यांचं रोजचं जेवण म्हणजे भात, उकडलेली मोहरीची भाजी आणि बाजूला मिरचीचा ठेचा. मंडळातल्या एका मावशींना ते लागलं. त्यांना वाटलं, दिलेलं आवडलं नाही. त्यांची समजूत काढायला मला त्या बाईपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून म्हणतो, गादी-पांघरूण, दोन पातेली, शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर एवढं ठेवा. बाकीचे पैसे त्या बाईच्या हातात द्या आणि तिच्याबरोबर लक्ष्मीपुरीत बाजाराला जा. काय घ्यायचं ते तिने सांगायचं, घासाघीस तुम्ही करायची. पैसे दिल्याची वही ठेवा, दोन्हीकडच्या सह्या घ्या. पण तिने ते कशावर खर्च केले याचा जाब मागू नका. मुलांना वडापाव नाहीतर नवऱ्याला सिगारेट घेतली म्हणून पंचांत चर्चा झाल्याचं मला माहीत आहे. असल्या चर्चेनंतर ते कुटुंब मंडळीतल्या कुणालाच खरं काही सांगत नाही.

शाळेचं तुलनेने सोपं आहे, पण एका जागी ठेच लागते. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा ‘प्रत्येक बालका’बद्दल बोलतो, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. मुख्याध्यापक आधार मागतील, संगणकात रकाना आहे म्हणतील. शांतपणे लेखी अर्ज द्या, गरज पडल्यास गटशिक्षणाधिकारी किंवा प्रशासनाधिकाऱ्यांकडे जा. ठेच लागते ती नावात. चिन लोकांत आपल्यासारखं आडनाव नसतं. क्लार्कच्या फॉर्मवर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन चौकोन असतात, आणि तो तीन शब्दांचं एक नाव तीन चौकोनांत टाकून मोकळा होतो. मग शाळेत एक नाव, केसपेपरवर दुसरं, कार्डावर तिसरं. पुढे कुठल्याही मुलाखतीत हा गोंधळ निस्तरायला नाकी नऊ येतात. कार्डावर जे स्पेलिंग आहे तेच, त्याच क्रमाने, सगळीकडे. फॉर्म भरताना कुणीतरी शेजारी उभं राहा. माध्यम कुठलं हे आईबापांनी ठरवावं. दिल्लीत राहिलेल्या मुलांना हिंदी येत असते आणि ती मराठी भराभर उचलतात.

दवाखान्याला सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, केसपेपर काढून उपचार होतात, पण सरकारी आरोग्य योजनांसाठी लागणारी कार्डं यांच्याकडे नसतील, तेव्हा मोठ्या ऑपरेशनचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. बाईच्या दुखण्याबद्दल बोलायला तिच्या दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. दिल्लीतल्या एखाद्या जाणत्या चिन बाईचा नंबर घेऊन ठेवा आणि डॉक्टरांच्या टेबलावर फोन स्पीकरवर लावा. हे डॉक्टरांना आधी विचारलं की ते सहसा नाही म्हणत नाहीत.

आता थोडं नाजूक. तुम्ही आणि ते एकाच प्रभूला मानणारे, त्यामुळे रविवारी ते तुमच्या बाकावर बसतील हे तुम्ही गृहीत धरलं असणार. चिन लोकांत बाप्टिस्ट बरेच आहेत, १८९९ पासून तिथे अमेरिकन मिशनरी काम करत होते. पण तुमची उपासना मराठीत, गीतं मराठीत, दोन तास एक अक्षर कळत नाही. एखाद्या रविवारी ते मोबाइलवर दिल्लीतली त्यांची उपासना लावून घरीच बसतील. बसू द्या. भाड्याचा आणि उपासनेला येण्याचा संबंध आहे असं त्यांना क्षणभरही वाटता कामा नये, आणि शेजाऱ्यांना तर नाहीच नाही. हंगामाच्या सणाला त्यांना स्टेजवर उभं करून साक्ष द्यायला लावणं, फोटो फेसबुकवर टाकणं हे साफ बंद. त्यांचे नातलग अजून तिकडे आहेत. फोटो कुठवर जाईल हे तुमच्या हातात नाही.

काम कोणी करायचं? सगळ्या मंडळीने नको. चार-पाच जण नेमा: एक कागदांचा, एक पैशांचा, एक बाई घरच्या संपर्काला, एक शाळा-दवाखान्याला. पाळकांना या गटात घेऊ नका, त्यांना तक्रार ऐकायला मोकळं ठेवा. कुटुंबाला या गटाबद्दल काही म्हणायचं असेल तर त्यांनी जायचं कुठे? आणि मुदत पहिल्याच दिवशी सांगा, त्यांच्या भाषेत, लिहून: इतके महिने पूर्ण भाडं, मग निम्मं, मग बंद. आपल्याकडे याची लाज वाटते, ‘बघू की पुढचं पुढं’ म्हणतात. तुमच्यासाठी हा मोठेपणा असतो. त्या माणसाला दर महिन्याच्या एक तारखेला पोटात गोळा येतो. मुदत संपली की परत दिल्लीला जायचं ठरलं तर त्या प्रवासाचे पैसेही आधीच बाजूला काढा.

हे सगळं वाचून तुमच्या पंचांना वाटेल, मग करायचं तरी काय? दोन वाटा आहेत, आणि दोन्ही मला तुमच्या मूळ बेतापेक्षा बऱ्या वाटतात. पहिली, कुटुंबाला दिल्लीतच हातभार. त्यांच्या खोलीचं भाडं, मुलांची फी, वकिलाची फी, आणि वर्षातून एकदा तुमच्यापैकी दोघांनी निजामुद्दीनची गाडी धरून भेटून येणं. फोटोत काही दिसणार नाही, पण त्यांचं काही तुटणारही नाही. दुसरी, घर द्यायचीच ओढ असेल तर मणिपूरकडे पाहा. ३ मे २०२३ पासूनच्या हिंसाचारात साठ हजारांच्या आसपास माणसं घरांबाहेर पडली, कुकी-झो आणि मैतेई या दोन्ही समाजांतली. ती भारतीय नागरिक आहेत. आधार आहे, नोकरी करता येते, रेशनकार्ड इथल्या दुकानात चालतं, पोलिसांत परदेशी म्हणून नोंद नाही. वर लिहिलेल्या अडचणींतल्या निम्म्याहून जास्त अडचणी तिथे उरतच नाहीत. फौंड्रीच्या गेटवरही त्यांना आत घेतील. स्वयंपाकघर, उपासना आणि मुदत यांबद्दल जे लिहिलं ते मात्र त्यांनाही तसंच लागू.

तुमच्या बाबतीत पुढचं पाऊल एवढंच: त्या कुटुंबाशी दुभाष्यामार्फत फोनवर बोला. नवऱ्याशी वेगळं, बायकोशी वेगळं, म्हाताऱ्या आईशीही. घराची गोष्ट काढू नका, नाहीतर नाही म्हणायला त्यांना जड जाईल. दिल्लीत सध्या कशाचा त्रास आहे आणि पुढच्या दोन वर्षांत काय व्हावंसं वाटतं, एवढंच विचारा. तिघांची उत्तरं, सहा कार्डांच्या मुदती आणि पुनर्वसनाची केस आहे की नाही, हे इथे नावं न घालता लिहा. मग खर्चाचा कच्चा आराखडा मी करून देतो.